डाळ शिजेल असं गाव

“घर नंतर बघू. आधी नळ कुठे आहे ते दाखवा.”

हे वाक्य काका हिंदीत म्हणायचे आणि पिशवीतून सरबताची रिकामी बाटली काढायचे. प्रॉपर्टी डीलर गडबडून जायचा. त्याने संगमरवरी जिना दाखवायची तयारी केलेली असायची, आणि हा साठीचा मराठी माणूस मोरीत वाकून बाटलीत पाणी भरून घ्यायचा, वास घ्यायचा, बूच लावायचा, आणि चिकटपट्टीवर पेनाने गावाचं नाव लिहायचा.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते वरच्या मजल्यावर राहायचे, मी खालच्या. पस्तीस वर्षं दिल्लीत काढून त्यांच्या नावावर एक खोलीही नव्हती. निवृत्तीनंतर चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. पुण्याचं नाव काढलं की म्हणायचे, “पुण्यात भाऊ आहेत, जागा नाही.” शिवाय सरकारी दवाखाना दिल्लीत, मुलगी दिल्लीत. दिल्लीत घर घेणं शक्य नव्हतं, गुडगाव तेव्हाच हाताबाहेर गेलं होतं. राहिला उरलेला हरियाणा.

“हरियाणा स्वस्त आहे रे,” ते म्हणायचे. “एक गाव सापडलं म्हणजे झालं.”

तुम्ही नव्वदच्या दशकात त्या बाजूला फिरला असाल तर मी काय म्हणतोय ते कळेल. मोहरीच्या शेतात पत्र्याचा बोर्ड, त्यावर ‘सेक्टर’ आणि आकडा. बोर्डामागे उघडं गटार, गटारात डुकरं. आणि डीलरच्या हातातल्या गुळगुळीत कागदावर कारंजं, पोहण्याचा तलाव आणि पोहणारी गोरी बाई. डीलर गुटखा थुंकून सांगायचा, “सरजी, दो साल में यहाँ मॉल आएगा।” मला त्या थुंकीची, त्या कागदाची, मॉल या शब्दाचीच शिसारी बसली होती. हे सगळं विकत घ्यायला माणसं रांगा लावतात, याची तर अधिकच.

जवळजवळ वर्षभर दर रविवारी माझ्या स्कूटरवर आम्ही हिंडलो. सोहना, बल्लभगढ, झज्जर, रोहतक. भाव परवडायचे, पण निकाल काका द्यायचे नाहीत, काकू द्यायच्या. बाटली घरी आली की काकू त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजत ठेवायच्या. साध्या पातेल्यात, कुकरात नाही. “कुकरात काय, दगडसुद्धा शिजेल,” त्या म्हणायच्या. त्यांचं पोट वर्षानुवर्षं नाजूक होतं. संध्याकाळी मऊ वरण-भात सोडला तर काही पचायचं नाही. खाऱ्या, जड पाण्यात डाळ तासभर उकळूनही टणक राहते. सोमवारी जिन्यात काका भेटले की मी विचारायचो, आणि ते मान हलवायचे. “झज्जर गेलं. डाळ जशीच्या तशी.”

ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचो. पण गंमत किती रविवार टिकणार? धूळ खाऊन माझा घसा बसायचा, बायको घरी धुसफुसायची. काका निवृत्त झाले, चारांपैकी दोन महिने गेले, तरी बाटल्या चालूच.

मग मानेसरच्या पुढचं एक गाव पाहिलं. नाव लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता, गॅलरीत ऊन होतं. काकांनी पहिल्यांदाच पाण्याच्या आधी घराकडे पाहिलं. “काकूला इथे वाळवणं घालता येतील,” म्हणाले. डीलरने छातीवर हात ठेवला. “पानी बिल्कुल मीठा है, सरजी। पर हफ्ते बाद रेट बढ़ जाएगा।” काकांनी बाटली भरली आणि ती माझ्या डिकीत ठेवली. परतताना ते मुलीकडे उतरले.

घरी येऊन डिकी उघडली तर बूच निघालेलं, बाटली कोरडी, आणि फडकी ओलीचिंब. रस्ताच तसा खड्ड्यांचा होता.

काकांना सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी पुन्हा तेच गाव, तीच धूळ, तोच थुंकणारा डीलर. मी बाटली उचलली, आमच्या नळाखाली धरली, भरली, बूच घट्ट दाबलं आणि वर काकूंकडे देऊन आलो. फार विचार केला असं म्हणता येणार नाही. हात आपोआप चालले.

सोमवारी काका जिन्यावरून जवळजवळ धावत उतरले. “अरे, लोणी! लोण्यासारखी शिजली!” काकूंनी वाटीभर वरण माझ्याकडे पाठवलं. आपल्याच नळाच्या पाण्यात शिजलेलं वरण ते. मी ते खाल्लं आणि छान झालंय असा निरोपही पाठवला. त्याच आठवड्यात काकांनी भविष्यनिर्वाह निधीचे सगळे पैसे त्या फ्लॅटमध्ये घातले.

नंतर दिवाळीला फराळ घेऊन त्यांच्या नव्या घरी गेलो तेव्हा ते खालीच भेटले. सायकलला दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॅन लटकवलेले. तीन किलोमीटरवर कालव्याच्या पाण्याचा नळ होता, तिथून रोज आणायचे. इमारतीला लिफ्ट नव्हती. कॅन मी घेऊ का म्हटलं तर म्हणाले, “सवय झाली.” वर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, हडकल्या होत्या.

“माझंच चुकलं बघ,” काका चहा पिता पिता म्हणाले. “इतकी गावं बरोबर नाकारली, आणि नेमकी इथे परीक्षा फसली. बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलत असेल. किंवा डाळच वेगळी असेल. आता माझा कशावरच भरवसा राहिला नाही.”

मग माझ्याच्याने राहवलं नाही. डिकी, बूच, आमचा नळ, सगळं सांगितलं. मला स्वतःची इतकी किळस आली होती की त्यांनी एक मुस्कटात द्यावी असं वाटत होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अगं, ऐकलंस का? डाळ चुकली नव्हती! आपली परीक्षा बरोबर होती!”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि आत गेल्या. काका मात्र खुशीत होते. फ्लॅट विकू, थोडं नुकसान सोसू, कर्नालकडे कालव्याचं पाणी आहे, तिकडे बघू. रविवारी निघायचंच म्हणाले.

“मी स्कूटर घेऊन येतो,” मी म्हणालो.

“नको रे, बसने जाईन,” ते अगदी मायेने म्हणाले. “बसमध्ये बाटली मांडीवर धरून बसता येतं.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तो फ्लॅट विकला गेल्याचं ऑफिसात कळलं. ते दोघे कुठे गेले, हे कॉलनीत दोन दारं वाजवून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.