दिव्याखालची खुर्ची

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घरपोच आणून देतं! शाहूपुरीत माझं इंटिरियरचं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या घरात छताचे दिवे कुठं आणि त्याखाली फर्निचर कुठं, हे मी ठरवतो. माझं लग्न मात्र ठरत नव्हतं. आईनं धास्तीच घेतली होती.

पहिलं काम एका निवृत्त मास्तरांचं. त्यांच्या वडिलांच्या फोटोवर मस्त स्पॉटलाइट सोडला. पुढं मास्तरीणबाईंनी फोटो हलवला आणि तिथं सोफा लावला. उजेड थेट मास्तरांच्या टकलावर! मास्तरांचा फोन, "अरं, मी अजून जिता हाय, आन् लोक माझ्याच पाया पडाय लागल्यात!"

एका वकिलांचं टेबल पंख्याखाली ठेवलं, दिवा पंख्याच्या वर. पंखा फिरला की कागदांवर सावल्यांची पळापळ. "ऑफिस करा म्हटलं, डिस्को केलासा की!" मी पंखा बंद ठेवा म्हणालो. ऐन मे महिन्यात!

माझी खोली तरी? दिव्याचा कोन बघून कॉट लावली, तर आई कडाडली, "उत्तरेला डोकं करून झोपतोस व्हय रं?" कॉट फिरली, दिवा डोळ्यांवर आला. आता हे डिझायनर घरात गॉगल लावून वाचतात.

मुरगूडला एका घरी डायनिंग टेबलावर लोंबता दिवा लावला, एकदम हॉटेलसारखा. पण मटणाच्या दिवशी टेबलावर कोण बसतंय? टेबल भिंतीला गेलं, सतरंजीवर पंगत बसली. रस्सा ओरपून एक पावणं उठले, ते थेट दिव्यावर! कपाळाला हे एवढं टेंगूळ. "कुणी लावलाय ह्यो?" घरमालकांनी कौतुकानं माझं नाव सांगितलं. त्याच पावण्यांच्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी बघायला जाणार होतो. राहिलंच ते.

मग पेठ वडगावचं स्थळ आलं. मुलगी मला फोटोतच फार आवडली होती. आईनं गाडीत बजावलं, "छताकडं बघायचं न्हाय. पोरगी बघायची!"

गेलो, तर मुलीसाठी मांडलेली खुर्ची बरोबर छताच्या दिव्याखाली. असा डोक्यावरून उजेड पडला की डोळ्यांखाली काळं दिसतं, धडधाकट माणूस आजारी वाटतो. मला राहवेना. उठलो आणि खुर्ची सरकवली. मुलीचे वडील बघतच राहिले. आईनं कपाळाला हात लावला. हेही स्थळ आपल्या हातानं घालवलं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात, दाराआडून हे सगळं बघितलेली मुलगी पोहे घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला, खुर्ची ओढून पुन्हा दिव्याखाली आणली आणि मला म्हणाली,

"हितं तुम्ही बसा की. मलाबी बघायचंय!"