बेस्नाची डिश नैऋत्येलाच

बेस्नाच्या घरात टीव्ही आला तेव्हा तिची मुलं अजून घरातच होती, आणि टीव्हीतलं अक्षरही तिला कळत नव्हतं. पडद्यावरची सगळी माणसं तुर्की बोलत. बेस्ना कुर्दी. कुर्दीत जन्मली, कुर्दीत भांडली, कुर्दीतच मुलं निजवली. मुलं मात्र शाळेत गेली ती घरी तुर्की घेऊन आली. पडद्यावर एखादी बाई रडायला लागली की बेस्ना विचारायची, "काय झालं रे हिला?" मुलं नजर न हलवता म्हणायची, "काही नाही, आई." सगळे खो खो हसले की ती विचारायची, "काय म्हणाला तो?" "काही नाही." वर्षानुवर्षं हे ऐकून बाईच्या मनात अढी बसली. इतकी माणसं इतका वेळ बोलतात आणि कुणीच काही म्हणत नाही?

मग मुलं पांगली. दोघी इझमीरला, दोघे जर्मनीत. धाकट्याने जाण्यापूर्वी गच्चीवर डिश बसवून दिली, का, तर आईला करमेल. डिशवर आणखी तीस जण तुर्की बोलू लागले. नवरा बिशार कल्हईवाला. दिवसभर तांब्याची भांडी उजळायचा आणि संध्याकाळी कुस्त्या बघायचा. कुस्तीला भाषा लागत नाही. माणूस भला, पण रस्त्यात कुणी जोरात शिंकलं तरी दाराला कडी घालणारा.

ती एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं होती आणि तुर्कस्तानात कुर्दी भाषेवर सरकारचा डोळा असे. दियारबाकीरच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात कुर्दी गाण्याची कॅसेटसुद्धा पिठाच्या डब्यात ठेवावी लागे. अशात एका दुपारी शेजारची परीखान गच्चीची भिंत ओलांडून आली. सगळी गल्ली बेस्नाला मेते म्हणे, म्हणजे आत्या.

"मेते, युरोपातून आपल्या भाषेत दाखवतात म्हणे. रोज संध्याकाळी. डिश दक्षिणेकडून नैऋत्येला वळवायची आणि मान जराशी खाली घालायची, बस."

"तू पाहिलंस?"

"माझ्या दिराने पाहिलं. बाई बातम्या सांगते, आपल्या आईसारखी बोलते."

बेस्नाने बिशारच्या पेटीतला पाना उचलला आणि त्याला टीव्हीसमोर बसवून स्वतः वर गेली. गल्लीत ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला होता त्यांनी तो कुजबुजत केला होता. बेस्नाला कुजबुज येत नाही.

"आलं का?"

"मुंग्या," बिशार खिडकीतून हळूच म्हणाला.

"मोठ्याने बोल. आता?"

"मुंग्याच. थांब... माणूस. गेला."

ती डिश दोन बोटं सरकवी आणि माणूस निघून जाई. हे काम बोटांचं नाही, केसाचं आहे, हे लक्षात यायला अंधार पडला. सुईत दोरा ओवताना धरतात तसा तिने श्वास धरला आणि काठ नुसता तळव्याने रेटला. चित्र आलं. मळसूत्र आवळलं तर डिश तसूभर फिरली आणि चित्र गेलं. मग तिला युक्ती सुचली: एक बाजू एकदम आवळायची नाही. रजई ताणताना दोघी दोन्हीकडून थोडी थोडी ओढतात, तसं आळीपाळीने दोन्ही मळसूत्रं आवळायची. शेवटचा वेढा बसला तेव्हा खालून बिशारचा आवाज आलाच नाही. ती धावत खाली आली. तो पडद्याकडे बघत बसला होता आणि पडद्यावरची बाई कुर्दीत सांगत होती की उद्या डोंगराळ मुलुखात थंडी वाढेल.

"खोटं," बेस्ना पडद्याला म्हणाली. "उद्या नाही, परवा. माझे गुडघे सांगतात."

टीव्हीशी भांडता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती रोज भांडली.

गावात लष्करी पोलिसांचा नवा जमादार आला तो पश्चिमेच्या समुद्रकाठचा. कोण काय बघतं ते ओळखायला त्याला कुणाच्या घरात शिरावं लागलं नाही. सरकारी वाहिन्यांचा उपग्रह नेमका दक्षिणेला. पाण्याच्या टाकीवर चढून गच्च्या पाहिल्या की ज्यांच्या डिशची तोंडं नैऋत्येला, ती घरं आपोआप कळत. हुकूम निघाला: सगळ्या डिश दक्षिणेकडे. लोकांनी सकाळी दक्षिणेकडे, संध्याकाळी नैऋत्येकडे असा खेळ मांडला. पण रोज नव्याने ती केसभर जागा शोधायची म्हणजे अर्ध्या बातम्या मुंग्यांत जायच्या. बेस्नाने डिश हलवलीच नाही.

म्हणून जमादार तिच्या अंगणात आला. दुभाषा म्हणून रखवालदार तेमो सोबत होता, बिशारच्या लांबच्या नात्यातला. बिशारने दोघांना स्टुलं दिली आणि स्वतः भांड्यांच्या ढिगामागे उभा राहिला.

"मेते," तेमो म्हणाला, "साहेब म्हणतात डिश दक्षिणेकडे कर. मक्केचा किब्लाही तिकडेच आहे, पुण्य लागेल."

"अल्लाशी बोलायला मला डिश लागत नाही. नमाज दक्षिणेला, बातम्या नैऋत्येला. माझ्या घरात, माझ्या गच्चीवर, मला कळेल तेच मी बघणार. सांग त्याला."

तेमोने जमादाराला दोनच शब्द सांगितले.

"एवढंच? माझं सगळं दोन शब्दांत मावलं?"

"तुर्की आटोपशीर असते, मेते."

जमादार बराच वेळ बोलला, बोट नाचवत.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

बेस्ना उठून उभी राहिली. "तेमो, 'काही नाही' ऐकून माझे केस पिकले. तू नीट सांग."

तेमोने मान खाली घातली. "उद्या परत येईन म्हणतो. डिश अशीच दिसली तर फोडीन म्हणतो."

"दिसली तर ना?"

उन्हाळ्यात तिथे सारं गाव गच्चीवर निजतं. उंच लोखंडी पलंग, आणि चारी बाजूंनी मांजरपाटाचा पडदा, शेजारच्या गच्चीवरून बायामाणसं दिसू नयेत म्हणून. बेस्नाने त्याच संध्याकाळी डिश खांबासकट पलंगाच्या गजाला बांधली, तोंड नैऋत्येला, आणि पडदा सोडला. पातळ कापडाआडूनही चित्र लख्ख आलं.

"आणि आपण निजायचं कुठे?" बिशारने विचारलं.

"तू खाली नीज. मी हिच्या पायथ्याशी."

दुसऱ्या दिवशी जमादार गच्चीवर चढला तेव्हा आजूबाजूच्या गच्च्यांवर बाया वाळत घातलेल्या लाल मिरच्या परतत होत्या. त्या दिवशी मिरच्या जरा जास्तच परतल्या गेल्या.

"साहेब विचारतात, डिश कुठे गेली?"

"आहे ना. त्या पडद्याआड, माझ्या अंथरुणात. म्हणावं, बघायची असेल तर पडदा स्वतःच्या हाताने वर कर. तेमो, हे सगळं सांग. आटोपशीर नको."

त्या गावात बाईच्या पलंगाचा पडदा परपुरुष उचलत नाही. सख्खा भाऊसुद्धा जिन्यात खोकून मगच वर येतो. तेमो जमादाराला पुष्कळ वेळ समजावत राहिला. जमादाराने हात पुढे केला, अगदी कापडापर्यंत. गच्च्यांवरचे हात थांबले. सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. माणूस कुठल्याही मुलुखातला असो, भर दुपारी, गल्लीदेखत बाईचं अंथरूण उघडणारा अशी ओळख त्याला नको असते. हात मागे आला, टोपीपर्यंत गेला, टोपी नीट करून खाली आला. जमादार जिना उतरला.

आठवड्याभरात गल्लीतल्या निम्म्या डिश अंथरुणात गेल्या. ज्या घरांत गच्चीवर कुणी निजतच नव्हतं, तिथेही पलंग चढले. शरद संपत आला, थंडी बोचू लागली, तरी पलंग कुणी उतरवेना. टाकीवरून बघणाऱ्याला वाटावं, या गावच्या बायांच्या अंगात उष्णता फार.

मग एके संध्याकाळी ओला बर्फ पडू लागला आणि बातम्यांच्या ऐन मध्यावर मुंग्या आल्या. बेस्ना वर गेली. डिश जागच्या जागी होती. मांजरपाट भिजून तिला चिकटला होता. कोरड्या कापडाआडून येणारं चित्र ओल्या कापडाने अडवलं होतं.

"राहू दे," बिशार जिन्यातून म्हणाला. "सुकेल."

"वसंतात."

"अगं, उघडी डिश उद्या त्याला दिसेल."

"मला आज दिसत नाही, त्याचं काय?"

तिने पडद्याच्या दोऱ्या कापल्या आणि तो पिळून बिशारच्या अंगावर टाकला. डिश उघडी पडली, गावभराला दिसेल अशी. काठावरचा बर्फ तिने बाहीने पुसला, तळव्याने जरासं रेटलं. आलं. शेजारच्या गच्चीवर परीखान कंदील घेऊन उभी होती. तिने बेस्नाकडे बघितलं, मग तीही घरात जाऊन कात्री घेऊन आली.

सकाळी तेमो दारात. हातात पाना.

"मेते, मला डिश फिरवायलाच पाठवलंय. मी फिरवली नाही तर साहेब फोडणारा माणूस पाठवील. मला दुसरं काही करता येत नाही."

"मग फिरव. चहा घेऊन जा."

तेमोने डिश दक्षिणेला फिरवली, चहा घेतला आणि गेला. संध्याकाळी बातम्यांच्या आधी बेस्ना वर गेली आणि तिने डिश परत नैऋत्येला आणली. दुसऱ्या सकाळी तेमो पुन्हा आला. तो सारा हिवाळा असाच गेला. सकाळी तो फिरवायचा, मग ती फिरवायची. जमादार सकाळी टाकीवर चढला की डिश दक्षिणेला असे, संध्याकाळी चढला की नैऋत्येला; आणि तेमो हुकूम पाळत नाही असंही त्याला म्हणता येईना. बेस्नाचा हात मात्र इतका बसला की खालून कुणी 'मुंग्या' म्हणायची गरज उरली नाही, हाताला लागायचं.

एका सकाळी बर्फ घोट्यापर्यंत होता. तेमो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि बोटांवर फुंकर मारू लागला.

"मेते, खरं सांग. तुला कंटाळा येत नाही?"

"मला रोज संध्याकाळी चार शब्द कळतात. तुला काय मिळतं?"

बेस्नाने त्याच्या हातात चहाचा पेला दिला, पाना काढून घेतला, चुलीवर शेकून उबदार केला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"जा, लवकर फिरवून ये," ती म्हणाली. "बातम्यांच्या आधी मला ती परत लावायची आहे."