भिंतीवरचा पाऊस

"तोंड इकडं करा जरा," असं म्हणत तो समोरच्याची हनुवटी रंगानं माखलेल्या बोटांनी वळवायचा. परवानगी विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. पण हात खरा चालायचा तो ऊन, वारा, चांदणं काढताना. ही सगळी तो माणसं करून काढायचा. विचारलं तर म्हणायचा, "नुसता वारा कुणाला दिसतोय? त्येला तोंड द्याय लागतंय की."

महापुराच्या वर्षी मी आमच्या तालमीचा अध्यक्ष होतो. पंचगंगा चढत होती आणि गल्ली मला विचारत होती. मी शाळामास्तर, जुन्या पुराची खूण मला पाठ. "पाणी त्या खुणेच्या वर येत नाही, सामान हलवू नका," असं मी छातीठोकपणे सांगितलं. पाणी खुणेच्या वर पुरुषभर आलं. माणसं वाचली, पण माझ्या शब्दावर त्या पेंटरनं माळ्यावरच ठेवलेली तीस वर्षांची चित्रं लगदा होऊन निघाली.

पुढं तालमीची भिंत नव्यानं बांधली आणि तिच्यावरचं चित्र त्याच्याकडेच गेलं. मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार? त्याचा सूर्य आमच्या वस्तादांसारखा झाला, पिळदार मिशांचा. वाऱ्याला कोपऱ्यावरच्या दूधवालीचं तोंड मिळालं. ती खूश होऊन पैपाहुण्यांना दाखवायला आणायची. आणि गाल फुगवलेला काळाकुट्ट पाऊस म्हणजे मी. चष्म्यासकट. चष्म्याच्या आत मात्र नुसता चुना.

डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, म्हणजे रंगवायचे, हा त्याच्या धंद्यातला रिवाज. बाकीच्यांचे उघडले. मी आठवडाभर वाट पाहिली आणि भर चौकात त्याला विचारलं.

"ज्येला पाणी दिसलं न्हाय, त्येला डोळं कशाला पायजेत, सर?" ब्रश पुसत तो म्हणाला. लोक हसले.

"हा आडमुठेपणा आहे."

"व्हय," तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, भिंतीवरच्या डोळ्यांचं काय एवढं. रोज त्या भिंतीपुढून शाळेला जा, मग बोला.

दोन वर्षांनी पाणी पुन्हा चढलं. त्या खेपेला मी दुपारीच दारं ठोठावत सुटलो. पहिलं दार त्याचं. "खुणाबिणा सोडा, निघा आत्ताच्या आत्ता." त्यानं गाठोडं उचललं, बायकोला पुढं घातलं आणि निघाला. पाणी ओसरल्यावर मी भिंत बघून आलो. चिखल धुतल्यावर चित्र जसंच्या तसं होतं, आणि माझ्या चष्म्यात चुनाच.

"अजून?" मी विचारलं.

"बगू की. एका पुरात कळतंय व्हय माणूस?"

गेल्या उन्हाळ्यात तो गेला, झोपेतच. मी मातीला गेलो. महिन्याभरानं गारगोटीहून दुसरा पेंटर बोलावून आणला. त्यानं शिडी लावली, पावसाजवळ जाऊन बराच वेळ बघितलं आणि डबा न उघडताच खाली उतरला.

"दुसऱ्यानं बाकी ठेवल्यालं डोळं आमी उघडत न्हाय. ज्येचं चित्तर हाय त्येलाच बोलवा की, पावणं."

"मेला तो," मी म्हणालो. त्या गेलेल्या माणसाचा मला इतका राग आला, की भर रस्त्यात रडू फुटलं.