जपानी ओळीतला एक जास्तीचा ठिपका

प्लेट दुसऱ्यांदा लावली तरी तेच. तिन्ही ओळींत लाल ठिपके. डेंगीच्या ओळीत, वेस्ट नाईलच्या ओळीत, आणि जपानी मेंदूज्वराच्या ओळीत तर एक ठिपका जास्तच. एका माणसाला एकाच आठवड्यात तीन ताप येत नाहीत, एवढं मला कळत होतं. त्याच्या पुढचं काही कळत नव्हतं.

मी तेव्हा पुण्यात विषाणूंच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. समोरचं रक्त माझ्याच जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातल्या एका गावातलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि घरोघर ताप होता. डेअरीच्या चेअरमनच्या भावाची मुलगी त्यात गेली होती. तिचं रक्त कुणी घेतलं नव्हतं. बाकीच्यांचं मी स्वतः जाऊन घेतलं. कुणाकुणाच्या घरी जायचं ती यादी चेअरमननं दिली. जीप त्यांची, थर्मासातला बर्फ डेअरीचा.

निघताना ते म्हणाले, "साहेब, ह्यो डुकराचा रोग हाय. तेवढं लिहून द्या, म्हंजी मी बघतो."

गावाच्या कडेला भिमाबाई राहायची. टोपल्या विणायची आणि अकरा डुकरं पाळायची. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासावाटे माणसात येतो, हे खरंच आहे. चेअरमनला ते कुठूनतरी कळलं होतं. माझ्या निकालावर डुकरंही हलणार होती आणि बाईही. मी स्वतः गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलो आहे. हलवणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं.

आता ही टेस्ट. लॅबच्या आवारात आम्ही हंस पाळले होते. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी खळग्या-खळग्यांच्या प्लेटमध्ये घालायच्या. नुसता विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि तळाला पातळ साय पसरते. पण पेशंटच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ती विषाणूला आधीच धरून ठेवते. मग पेशी सुट्या राहतात, घरंगळून तळाशी गोळा होतात आणि लाल ठिपका दिसतो. दर खळग्यात रक्त निम्म्यानं पातळ करत जायचं. ज्या ओळीत ठिपके लांबवर टिकले, तो रोग.

पुस्तकात असं होतं. प्लेटमध्ये तिन्ही ओळी लांबवर गेल्या होत्या.

तेवढ्यात ट्रंक कॉल आला. चेअरमन.

"निघालं का काय?"

हॉलमध्ये चारपाच जण ऐकत उभे होते. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. गावाकडचा माणूस मला विचारतोय, आणि 'अजून कळलं नाही' म्हणायचं? मी म्हणालो, "तसा जपानीच दिसतोय."

"बास. एवढंच पायजे हुतं."

लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एका खळग्यावर सांगितलंत?"

"एक जास्त होता, मॅडम."

त्यांनी तेच रक्त घेऊन स्वतः प्लेट लावली. या खेपेला वेस्ट नाईल एका खळग्यानं पुढं. एका खळग्याचा फरक माप घेणाऱ्या हाताचाही असतो, हे मला माहीत होतं. आठवलं नव्हतं.

"पण तिन्ही ओळी का येतात?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला लगेच पटलं नाही. विषाणूच्या अंगावर प्रोटीनचा एक कोट असतो. अँटिबॉडी त्या कोटाला धरते. हे तिन्ही विषाणू चुलत भाऊ. कोटाचा काही भाग तिघांचा सारखा, काही भाग ज्याचा त्याचा. डेंगीचे तर आपसातच चार प्रकार. आमच्याकडं सोसायटीत कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, कापड आलं की निम्म्या गावाच्या अंगावर एकाच छापाचा सदरा असायचा. पाठमोरा माणूस ओळखू यायचा नाही. तसंच हे. मोठ्या माणसाला कधीकाळी यातला एक ताप येऊन गेलेला असतो. दुसरा आला की त्याचं रक्त सारख्या कापडालाच जोरात धरतं, आणि आपल्याला तिघंही सापडल्यासारखे वाटतात.

"मग खरा कोण?"

"ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच ताप आलाय असं लहान मूल शोधा. आणि डुकरांचं रक्त आणा. गावात जपानी फिरत असेल तर ते डुकरांत दिसलं पाहिजे."

मी गावात पोचलो तेव्हा भिमाबाईला गाव सोडायला आठ दिवसांची मुदत मिळून तीन दिवस झाले होते. मी सुई काढली तशी ती दारात आडवी आली.

"रगात काढून मारायचा इचार हाय व्हय?"

"मावशी, मारायला नाही. वाचवायलाच आलोय."

"तुमीच तर सांगितलं म्हणं फोनवर."

ते खोटं असेल तर याच रक्तात दिसेल, असं मी म्हणालो. तिनं एकेक डुक्कर पाडून गुडघ्याखाली दाबून धरलं. मोजली तर सातच. चार कुठं आहेत हे विचारायचं मला सुचलं नाही. आत तिची चार वर्षांची नात गोधडीवर पडली होती. ताप येऊन पंधरवडा झाला होता, अजून अशक्त होती. चेअरमनच्या यादीत हे घरच नव्हतं, आणि मीही यादीबाहेर गेलो नव्हतो. तिचंही रक्त घेतलं.

बर्फासाठी डेअरीत गेलो.

"डुकराचं रगात, आन दुधाचा बर्फ?" चेअरमन म्हणाले. "साहेब, उद्या एक लिटर दूध कुणी घालायचं न्हाय माझ्याकडं."

खोटं म्हणता येत नव्हतं. मी एसटीनं तुळजापूरला गेलो. तिथं सरबतवाल्याकडून बर्फाची लादी फोडून घेतली. थर्मासात काय आहे ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुण्यात प्लेट लावली. सातही डुकरं जपानीच्या ओळीत कोरी. नातीच्या रक्तात डेंगीची ओळ लांब, बाकी दोन जवळजवळ रिकाम्या. प्लेट पाहून मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता लिहा."

डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. म्हणजे टँकरचं पाणी आठ-आठ दिवस ज्यात धरून ठेवतात त्या रांजणांत. रिपोर्ट घेऊन मीच गावात गेलो. चेअरमननं तो दोनदा वाचला.

"परवा डुकरं म्हणलात. आता आमचं पाणी सांडायला सांगताय?"

"सांडू नका. दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, रांजण घासून वाळवा, वर कापड बांधा."

"आन माझ्या पुतणीला काय झालं हुतं?"

"तिचं रक्त नाही. सांगता येत नाही."

त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग कोतवालाला बोलावून म्हणाले, "भिमाबाईला सांग, ऱ्हा म्हणावं. आन दवंडी दे रांजणाची."

कोतवालाच्या मागोमाग मीही गेलो. मला वाटलं होतं तेवढा आनंद बाईला झाला नाही. मुदत मिळाली त्याच दिवशी तिनं चार डुकरं नळदुर्गच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं देऊन टाकली होती.

"म्हंजी माझ्या डुकरास्नी रोग न्हवता?"

"नव्हता."

"मंग चार कशापायी गेली?"

फोनवर सांगितलेल्या एका खळग्यापायी.

पुढं कोटाचा ज्याचा त्याचा तेवढाच भाग धरणाऱ्या अँटिबॉडी लॅबमध्ये बनवता येऊ लागल्या आणि हे घोळ बरेच कमी झाले. पण त्या गावातल्या दोन मोठ्या माणसांचा ताप कुठल्या विषाणूचा, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढं मी 'निश्चित नाही' असं लिहिलं. नंतरच्या नोकरीत हे शब्द मी पुष्कळदा लिहिले, फोनवरही बोललो. ऐकणाऱ्याला आवडत नाहीत. पण त्यांच्यामुळं कुणाला गाव सोडायची मुदत मिळाल्याचं ऐकलं नाही.