चकती आधी की कडं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला फिजिक्स समजेनासं झालं. मी यवतमाळकडच्या गावातून आलेली, पुण्यात हडपसरला मामांकडे राहायचे. दहावीपर्यंत मराठीतून शिकले होते, अकरावी-बारावी पाठांतरावर निभावली. आता सर दर आठवड्याला गणितं द्यायचे, सोमवारी वह्या मागायचे, आणि इंग्रजीतल्या त्या चार ओळी वाचूनच मला घाम फुटायचा.

वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण कॅम्पात राहायची. ती म्हणाली, "रविवारी घरी ये. आपा शिकवेल. मी तर तिच्याच जिवावर पास होते."

आपा म्हणजे तिची मोठी बहीण. एम.एस्सी. फिजिक्स करून बसली होती आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तेव्हा सगळेच जात होते. पहिल्या रविवारी मी पुलगेटला उतरून विचारत विचारत त्यांच्या गल्लीत पोचले. आपाने गणित वाचायला लावलं, मग विचारलं, "काय समजलं?"

"मले काहीच नाही समजलं."

"तुले नाही समजलं, हे समजलं," ती तोंड वाकडं करून म्हणाली. मी रडवेली झाले तशी तिने वही माझ्याकडे सरकवली. "अगं, मी उर्दू शाळेतून आले. मला ॲक्सिलरेशन म्हणजे एखादं औषध वाटायचं. तुमच्याकडे काय म्हणायचे?"

"त्वरण."

"मग त्वरण म्हण. आधी चित्र काढ. पेन्सिल कुणाला इंग्रजी विचारत नाही."

तेव्हापासून प्रत्येक रविवार तिकडेच. आपा उत्तर कधी सांगायची नाही. आधी चित्र, मग कोण कुणाला ढकलतंय त्याचे बाण. एखादा बाण विसरला की म्हणायची, "हा ठोकळा हवेत तरंगतोय का? मग आमच्या छताला टांगून ठेव." मैत्रीण दुसऱ्या गणितापाशी लोडाला टेकून झोपायची. त्यांची आई, अम्मी, मध्येच ताट घेऊन यायच्या. "पैले खा लो, गणित कहीं भाग नहीं जाता."

एकदा एक गणित अडलं. उतारावरून एक भरीव चकती घरंगळत येते, तर तिचं त्वरण किती? आम्ही दोघींनी सोडवलं. उतारावरून न फिरता नुसतं घसरत येणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या दोन तृतीयांश आलं. पुस्तकात मागे छापलं होतं, अर्धं. आपाने पुन्हा सोडवलं, तेच आलं.

"पुस्तकात आहे म्हणजे आपलंच चुकलं असेल," मी म्हणाले.

"पुस्तक आभाळातून पडतं का? बरं, चकतीऐवजी नुसती कडी असेल तर किती येतं, काढ."

काढलं. अर्धं आलं.

आपा सरसावून बसली. "म्हणजे पुस्तकाच्या मते कडी आणि चकती बरोबर पोचायला हव्यात. आपल्या मते चकती आधी. कडीचं सगळं वजन काठावर, तिला फिरायला जास्त जोर लागतो. चल, बघू."

पलंगाची फळी काढून एक टोक ट्रंकेवर टेकवलं. चकती म्हणून कॅरमचा स्ट्रायकर आला. कडीसाठी आपाने अम्मींच्या हातातलं जाड कडं मागितलं. ते वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. साबण लावून, ओढून, शेवटी निघालं. अम्मी हात चोळत खाली फळीच्या टोकाशी बसल्या, "आधी कोण आलं ते मी सांगणार." पहिल्यांदा स्ट्रायकर मध्येच आडवा पडला, मग कडं पलंगाखाली गेलं. मैत्रीण जागी होऊन पाहत बसली. पुढच्या खेपेला दोन्ही सरळ सुटली आणि अम्मी ओरडल्या, "स्ट्रायकर!" परत सोडली. परत स्ट्रायकर.

सोमवारी वही तपासताना सरांनी मला उभं केलं. "पुस्तकात अर्धा आहे. पुस्तकापेक्षा आपण शहाण्या का?"

माझ्या बोलण्याला मुलं हसत, म्हणून वर्गात मी तोंड उघडत नसे. पण त्या दिवशी उघडलं. "सर, ते रिंगचं उत्तर आहे. आम्ही घरंगळवून बघितलं. डिस्क आधी येते."

वर्ग हसलाच. सर मात्र फळ्याकडे वळले, गणित करत गेले, थांबले. "बरोबर आहे. सगळ्यांनी पुस्तकात दुरुस्ती करा. आणि हसणाऱ्यांनी पुढचं गणित इथे येऊन सोडवा."

दिवाळीनंतर आपाला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. घरात आनंद होता, मलाही झाला, पण बसमध्ये परतताना आता रविवारचं काय, हाच विचार येत राहिला. आता रविवारी ती दमलेली असायची. मी म्हटलं, "मी येत नाही, तुम्ही आराम करा."

"ये मुकाट्याने. आठवडाभर फक्त स्क्रीन बघते मी. तू वाच, मी ऐकते."

मग ती डोळे मिटून पडायची. मी गणित मोठ्याने वाचायचे, काय करतेय ते बोलत बोलत सोडवायचे आणि ती नुसतं "हं" म्हणायची. चुकलं की "हं" येत नसे. एका दुपारी एकही "हं" आला नाही. मी पुन्हा पहिल्यापासून तपासलं, चूक सापडेना. वळून पाहिलं तर आपा गाढ झोपली होती. मी उत्तर पडताळलं. बरोबर होतं.

पुढे मी एम.एस्सी. केलं. आता लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. त्या दुपारी मी आपाला उठवलं नाही. अम्मींनी आपाच्या अंगावर चादर घातली, माझ्यापुढे ताट ठेवलं, आणि मी पुढचं गणित हळू आवाजात वाचायला लागले.