बाहेरून कडी नसलेली खोली

घंटी वाजायची थांबली. तोवर बाहेर टण्ण टण्ण ऐकू येत होतं म्हणजे माझा गोलू आत जिवंत आहे, खेळतोय, एवढं तरी कळत होतं. मग एकदम काहीच नाही. मी त्या पांढऱ्या दरवाजाला कान लावला, तर हातभर जाडीचा दरवाजा, त्याला चारी बाजूंनी रबर, त्यातून काय ऐकू येणार! मी ओरडतेय, "गोल्या, ए गोल्या, दोरी ओढ ना रे बाळा," आणि बाजूला माझे सासरे, आबा, हातात पहार घेऊन भिंतीवर घाव घालताहेत, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि भिंत काही पडत नाही. ज्या माणसाची एकही भिंत आजपर्यंत आपल्या पायावर नीट उभी राहिली नाही, त्याची हीच एक भिंत पडत नव्हती!

तुम्हाला सांगते, आमच्या आबांएवढा धोक्याचा माणूस अख्ख्या जळगाव-धुळ्यात सापडायचा नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाला वाकडा शब्द नाही. पण हातात थापी आली की संपलं. माझं माहेर धुळ्याचं, नववीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन या पाचोऱ्याजवळच्या गावात आले. तेव्हा आबा एस.टी.वर ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी त्यांनी बस चालवली, कुणाला खरचटू दिलं नाही असं सगळे म्हणतात. खरं असेल. पण रिटायर झाले आणि सगळी हौस घरावर काढायला लागले. ह्या उन्हाळ्यात तर कहरच. होळी झाली तशी अंगणात वाळू येऊन पडली. आमचे हे जळगावला कापडाच्या दुकानात कामाला, रोज रेल्वेनं अपडाऊन. ते म्हणाले, "आबा, गवंडी बोलवू ना." तर आबांना रागच आला. "गवंडी कसाले? मी काय हात बांधीसन बठेल शे का?"

हात बांधून बसले असते तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. पहिल्यांदा त्यांनी स्वयंपाकघरातला ओटा घेतला. बायकांनी वाकू नये म्हणून उंच करतो म्हणाले, आणि केला तो स्वतःच्या छातीएवढा. आता सासूबाई पाटावर उभं राहून कळण्याची भाकरी थापतात आणि थापता थापता त्यांचा उद्धार करतात. मग न्हाणीघराची फरशी. पाणी जायला उतार पाहिजे हे त्यांना बरोबर माहीत होतं, फक्त कुठल्या बाजूला जायला पाहिजे हे नव्हतं. सगळं पाणी मोरीकडे पाठ करून घरात येतं. मी सांगितलं तर म्हणे, "रस्ताले उतार राहस ना व माय, तसाच हाऊ." तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ एका हातात तांब्या आणि एका हातात खराटा घेऊन करायची पद्धत आहे. पाहुणे आले की आधी शिकवावं लागतं.

मग कुंपणाची भिंत. तिच्या मध्ये लिंबाच्या झाडाचं मूळ आलं. दुसरा असता तर मूळ तोडलं असतं नाहीतर भिंत सरकवली असती. आबांनी घाटातल्यासारखं वळण घेतलं. वळण घेताना भिंत जी कलली ती कललीच. शेजारच्या अक्का पहिल्याच सकाळी दारात आल्या आणि म्हणाल्या, "व माय, तुना सासरानी भीत माले वाकीसन नमस्कार करी राहिनी. मी काय आशीर्वाद देऊ?" आबा हसले नाहीत. त्यांनी उलट त्या वळणावर भंगारातून आणलेला बसचा मोठा आरसा बसवला, काम करताना मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. मागून कोण येणार? आमची शेळी. पण आरसा बसला आणि गल्लीतल्या पोरी जाता-येता त्यात भांग सारखा करायला लागल्या, आणि आबांना वाटायचं, सगळ्या आपलं बांधकाम बघायला थांबतात.

आणि ती घंटी! बसमध्ये कंडक्टर दोरी ओढून वाजवतो ना, तशी. ती त्यांनी स्वयंपाकघरात टांगली आणि तिची दोरी अंगणापर्यंत ओढून आणली. एक घंटी म्हणजे थांबा, चहा करा. दोन घंट्या म्हणजे राईट, चहा घेऊन या. सासूबाई एकदा पाटावरून उतरल्या आणि विळीच घेऊन निघाल्या दोरी कापायला. म्हणाल्या, "या माणूसनी जनमभर गाडी चालवी, आते घर बी खड्डामा घाली राहिना." मी मध्ये पडले म्हणून दोरी वाचली. दोरी वाचली ते किती बरं झालं, हे पुढे कळलं.

हे सगळं आम्ही हसत सहन केलं असतं. पण मग गोलूला घामोळ्या आल्या. सव्वा वर्षाचं पोर, नुकतं पाय टाकायला लागलेलं, अंगभर लाल दाणे, दुपारी लाईट गेली की असं रडायचं की माझाही रडायचा आवाज त्यात मिसळायचा. आमच्याकडे मेमध्ये काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दुपारी टाकीच्या पाण्यात हात घातला तर चटका बसतो. आबा गोलूला ओल्या पंच्यात गुंडाळून अंगणात फेऱ्या मारायचे, आणि फेऱ्या मारता मारता त्यांच्या डोक्यात ती खोली शिरली.

झालं असं होतं, की ड्रायव्हर असताना एकदा फैजपूरला त्यांची गाडी बंद पडली होती, भर उन्हात, एका केळीच्या कोल्ड स्टोरेजसमोर. तिथल्या वॉचमननं दया येऊन त्यांना जरा वेळ आत गारव्यात बसवलं. तो गारवा माणूस विसरलाच नाही. लग्नाची गोष्ट सांगावी तशी ती गोष्ट सांगतात. एक दिवस मला म्हणाले, "केळाले गारवा भेटस, अन् मन्हा नातूले घामोळ्या?" मला वाटलं, नुसतं बोलताहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी केळीच्या टेम्पोतून तो दरवाजा दारात उतरला. कुठलंसं जुनं कोल्ड स्टोरेज पाडत होते, तिथून आणला. खोली नाही, भिंती नाहीत, आणि दरवाजा आला! सासूबाईंनी तेवढ्यात त्याला कुंकू लावलं, म्हणाल्या, आलाच आहे तर लावून घेऊ.

मग अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून, खोली उठली. दोन दोन भिंती, मध्ये गव्हाचा भुसा ठासून भरलेला, खिडकी नाही कारण खिडकीतून ऊन येतं. वर पत्रे, पत्र्यांवर पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या काड्या, त्यावर ओलं बारदान. वरच्या अंगाला कूलरसाठी एक भोक, तेही कूलर येईपर्यंत चिंध्या कोंबून बंद. आत खाट, आणि खाटेवर पडल्या पडल्या ओढता यावी म्हणून पत्र्याखालून आत घेऊन खालपर्यंत सोडलेली घंटीची दोरी. सगळ्यात शहाणपण दरवाजात केलं. मुळात त्या दरवाजाला खटका एकाच बाजूला, बाहेरून. त्या वॉचमननं म्हणे आबांना सांगितलं होतं की आत माणूस अडकला तर मरतो. म्हणून आबांनी दरवाजा उलटा बसवला. खटका आत. आमच्या ह्यांनी विचारलं, "आबा, मग बाहेरून उघडायचा कसा?" तर त्यांच्याकडे आबांनी असं पाहिलं, जसं काही यांनी चालत्या गाडीचं स्टिअरिंग मागितलं. "बाहेरनाले काय जरूर शे? बाहेर उभा माणूस मोकळाच शे ना!"

शेवटी दरवाजा मिटू नये म्हणून खाली एक वीट लावायची, एवढं ठरलं.

आणि त्या दुपारी तीच वीट उचलली. कुणी? दुसरं कोण! कूलरच्या स्टँडला एक वीट कमी पडत होती, अंगणात विटांचा ढीग लागलेला, पण आबांना हाताशी तीच दिसली. सासूबाई अक्कांकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला गेलेल्या, मी मागे कपडे पिळत होते, आणि गोलूला त्या दोरीचं वेड. तो खोलीत शिरलेला कुणी पाहिलाच नाही. खोलीच्या उंबऱ्यालाही उतार उलटाच होता, आत. दरवाजा आपल्या वजनानं गेला आणि थप्प करून बसला. लगेच स्वयंपाकघरात टण्ण टण्ण. आबा कूलरजवळून खुशीत ओरडले, "राईट! चला!" आणि मग वळले. मी त्यांचं तोंड तेव्हा पाहिलं. तसं तोंड मला पुन्हा कुणाचंच बघायचं नाही.

दोघांनी दरवाजाला खांदे लावले. हलेना. त्यांनी पहार घेतली. बाहेरची भिंत चार घावात खाली आली, भुसा भसाभसा पायावर सांडला, आणि मागे दुसरी भिंत. तिला पहार नुसती ठण्ण करून परत यायची. त्या एका भिंतीत आबांनी सिमेंट पुरतं घातलं होतं, नातवासाठी म्हणून. माझ्या डोक्यात एकच, आत हवा किती असेल, भोकात तर चिंध्या. मी ओरडले, "आबा, हवा! त्याला हवा नाही!" ते म्हणाले, "तू आवाज देत राह्य त्याले, थांबू नको." मी आवाज देत राहिले. आणि घंटी थांबली.

मग मी जे पाहिलं ते आजही खरं वाटत नाही. सासऱ्यांनी पहार टाकली आणि पळाले, घराकडे नाही, त्या वाकलेल्या कुंपणाकडे. गल्लीत ज्या भिंतीला सगळे हसत होते तिच्यावरून माणूस जिन्यासारखा चढला, कारण ती होतीच तेवढी कललेली. तिथून खोलीच्या पत्र्यावर. पत्र्यांना एक बोल्ट नव्हता. बोल्ट लाव म्हणून आमचे हे घसा कोरडा करून थकले होते आणि आबा म्हणाले होते, दगड शेतस ना. ते दगड त्यांनी लाथेनं उडवले, पऱ्हाट्या फेकल्या, पत्रा उचलला, आणि एवढ्या वयाचा माणूस वरून आत उडी मारून दिसेनासा झाला. धप्प आवाज आला. मग खटका.

दरवाजा उघडला तेव्हा आबा जमिनीवर बसले होते, एक पाय वेडावाकडा, हात वर करून खटका धरलेला. आणि खाटेच्या पायाशी गोलू. झोपलेला! मुठीत दोरी, तोंड उघडं, ढुंगण वर करून गाढ झोपलेला. मी त्याला उचलला, हलवला, तसा तो चिडून रडला. मी घामानं भिजले होते, आबांचा सदरा पिळून काढावा असा, आणि ह्या पोराच्या अंगावर घामाचा थेंब नाही. गाल गार. हाताला लागले ते गाल, मडक्यासारखे गार. मी बाहेर पळाले. मागून आबांचा आवाज आला, अगदी हळू, "गार तं व्हती ना व माय, खोली?"



संध्याकाळी हे आले. दरवाजा उपटून लिंबाला टेकवून ठेवला. मग थापी, ओळंबा, सगळं पोत्यात भरलं आणि माझ्या हातात दिलं. "लपवून ठेव. काही झालं तरी द्यायचं नाही. आज वाचला, उद्या काय?" मी ते गव्हाच्या कोठीत पुरलं. आबांच्या पायाला प्लास्टर लागलं आणि घर शांत झालं. मला वाटलं होतं की मी सुखानं झोपेन. पण तुम्हाला खरं सांगू का, आबांची घंटी नाही तर चहाची वेळसुद्धा कळेना. सासूबाई, ज्या विळी घेऊन निघालेल्या, त्या आता आपणहून बाहेर जाऊन विचारतात, "चहा टाकू का हो?" आणि आबा म्हणतात, "टाक, तुले वाटीन तव्हय." शेळी आरशासमोरून गेली तरी वळून बघत नाहीत. गोलू दोरी ओढतो, आबा मान वर करतात, "राईट" म्हणायला तोंड उघडतात आणि मिटून घेतात.

परवा प्लास्टर निघालं. आज सकाळी हे जळगावला गेले, आणि मी जात्याजवळ गहू निवडत बसले होते, तर आबा काठी टेकत दारात आले. आत आले नाहीत. पोर चूक करून आईसमोर उभं राहतं तसे उभे. म्हणाले, "माय, ती न्हाणीना उतार. उलटा व्हई गया तो. माले तव्हयच समजनं व्हतं." मग म्हणाले, "थापी दखी का व कोठे?" मी गव्हाकडे बघत राहिले. तर म्हणाले, "अन् त्या खोलीले बाहेरथीन बी कडी लाई देसू. दोन. एक वरे, एक पोरना हात पुरी अशी."

मी उठले, कोठीशी गेले, गव्हात हात घातला कोपरापर्यंत. थापीची मूठ बोटांना लागली. मला ह्यांची ताकीद आठवतेय, मला ती थांबलेली घंटी आठवतेय, अजून झोपेत ऐकू येते ती, आणि मला ते गार गालसुद्धा आठवताहेत. दारात आबा उभे आहेत, मागे वळून बघत नाहीत, वर बघत नाहीत. अंगणातून गोलूनं दोरी ओढली, टण्ण टण्ण, दोनदा. माझा हात अजून गव्हातच आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगा, तुम्ही काय केलं असतं?