काचेच्या शेपटाकडे

अकोल्याच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. अनीसा मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीशी बोलतात, असं त्यांच्याकडे जाऊन आलेले सगळेच सांगतात. मी ते ऐकलं तेव्हा माझी लेक पायल अमरावतीच्या दवाखान्यात तापाने फणफणत होती. पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगलेली, रक्तातल्या पेशी रोज कमी होत चाललेल्या. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासून झाला होता. रिपोर्टमध्ये विशेष काही नव्हतं. तिचे डॉक्टर अडले होते. एका दुर्मिळ आजाराच्या नुसत्या संशयावर स्टेरॉइड दिलं आणि आत जंतू निघाले, तर ते आणखी बळावतील. थांबलं, तर पोरगी हातची जाईल.

त्याच मॅरोच्या काचपट्ट्या घेऊन मी अकोल्याला गेले.

भर दुपार होती, तरी अनीसा मॅडमनी पडदे ओढले. मायक्रोस्कोपचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला. "काहून लपून राहिली बाई?" त्या पुटपुटल्या. मी दचकले.

"तुमाले नाही म्हटलं, ताई. पानी प्या."

"मेलेल्या पेशींशी बोलता?"

"मेल्या कुठं? रंगवताना थांबल्या फक्त. नवऱ्याशी बोललं का तो उलट बोलते. ह्यायचं तसं नाही."

बाळापूरला त्यांचे अब्बा कापूस पिंजत. पिंजताना सरकी, कचरा, जड तेवढं उडून कडेला पडे, आणि लहानगी अनीसा ती कड झाडी. "काचेवर मॅरोचा थेंब ओढला का मोठ्या पेशी शेवटी, शेपटाकडे जातात," त्या म्हणाल्या. "लोक मधात पाहतात. मधात सारं साफच दिसते."

मग त्यांचं पुटपुटणं थांबलं. काच सरकवणारा हात एका जागी थांबला.

"या. पाहा."

जांभळ्या उजेडात एक फिकट, अवाढव्य पेशी. तिच्या पोटात लाल पेशी, गोल, अख्ख्या, नुकत्या गिळल्यासारख्या. शेजारी तशीच दुसरी. पलीकडे आणखी.

"हे जंतू आहेत?"

"जंतू नाही. पोरीचेच राखणदार. बाहेरचं सोडून घरातलंच खाऊन राहिले."

मी डोळा बाजूला घेऊ शकले नाही. पापणी लवली, तर ती पुढचा घास घेईल असं वाटत होतं.

मॅडमनी तिथूनच अमरावतीला फोन लावला. रक्ताचे बाकीचे रिपोर्ट त्याच आजाराकडे बोट दाखवत होते. त्यात ही काच मिळाली. त्या संध्याकाळी स्टेरॉइड सुरू झालं. ताप हळूहळू उतरला.

अजूनही रात्री उठून मी पायलच्या कपाळाला हात लावते.

मागच्या महिन्यात ती हट्टाने माझ्यासोबत अकोल्याला आली. तिला ती काच बघायची होती. मॅडमनी कपाटातून काढली, स्टूल पुढे सरकवलं. पायल बराच वेळ वाकून बघत राहिली. मग त्या पेशीला अगदी हळू म्हणाली, "अजून भूक नाही गेली काय तुई?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.